ब्रँच मागे पडू नये म्हणून

लिनक्स कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते. त्यातले पहिले दोन आठवडे नवा कोड आत घेतात, उरलेले दुरुस्त्यांचे. तेवढ्यात हजारो बदल होतात. बाजूला ब्रँच काढून प्रयोग करणाऱ्याला त्या सगळ्यांशी जुळवून घ्यावं लागतं.

त्याचे दोन मार्ग: मर्ज आणि रीबेस. मर्ज केलं तर मुख्य कोडमधले बदल तुमच्या ब्रँचमध्ये येऊन मिसळतात. काम सोपं, पण वर्षभर असंच केल्यावर आपलं कुठलं आणि त्यांचं कुठलं हे शोधणं म्हणजे तांदळातले खडे निवडणं. रीबेस केलं तर गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, तुमचे कमिट (नोंदलेले बदल) बाजूला काढून ठेवतं आणि मुख्य कोडच्या ताज्या टोकावर एकेक करून पुन्हा चढवतं. तुम्ही आणि मुख्य कोडवाल्यांनी एकाच ओळीला हात लावलेला असला की अडतं आणि निवाडा तुमच्यावर सोडतं. तोच निवाडा दरवेळी करावा लागू नये म्हणून गिटमध्ये ‘रेरेरे’ नावाची सोय आहे. ती सहसा बंद असते, आठवणीने चालू करावी. आणि दुसरं कोणी तुमच्या ब्रँचवर काम करत असेल, तर त्याला न विचारता रीबेस करू नये. भांडणं होतात.

गिट अडलं नाही म्हणजे सगळं जुळलं असं मात्र नाही. समजा, एका फंक्शनला आधी मिलिसेकंद द्यायचे, आता मायक्रोसेकंद. तुमच्या नव्या फाइलमध्ये त्याला १० देणारी ओळ तशीच आहे. कॉन्फ्लिक्ट नाही, कंपायलरही गप्प, आणि प्रोग्रॅम थांबतो हजारपट कमी. हे टेस्टच पकडणार.

तरी खरा उपाय म्हणजे मुख्य कोडबाहेर साचलेला आपल्या बदलांचा ढीगच कमी करत जाणं. ठरलेल्या वेळेत हमखास प्रतिसाद देणारा कर्नल घडवणारे ‘प्रीएम्प्ट आरटी’चे पॅच जवळपास वीस वर्षं बाहेर राहिले. इंगो मोल्नार, थॉमस ग्लाइक्सनर आणि त्यांच्या साथीदारांनी त्यातलं सर्वांच्या उपयोगाचं ते आधी आत सरकवलं: २००६ मध्ये म्यूटेक्स आणि सूक्ष्म टायमर, २००९ मध्ये थ्रेडेड इंटरप्ट. आत गेलेल्या तुकड्याची काळजी मग मुख्य प्रकल्पच घेतो. शेवटी अडून बसलं होतं ते संदेश छापणारं साधं ‘प्रिंटके’. सप्टेंबर २०२४ मध्ये उरलेलं आत गेलं आणि ६.१२ आवृत्तीत आलं. ३२ बिटी एआरएमसाठीचे पॅच तेव्हाही बाहेरच होते.