खेचरवाटेवरची सायकल

इटलीत माउंटन बाईकला चक्क एका पक्ष्याचं नाव मिळालं होतं. १९८५ साली मिलानच्या चिनेली कंपनीने जाड टायरची दणकट सायकल बाजारात आणली आणि तिला नाव दिलं 'रांपिकिनो'. रांपिकिनो म्हणजे बुंध्याला नखं रोवून तुरुतुरु वर चढणारा, चिमणीहूनही लहान पक्षी. नाव असं चिकटलं की पुढे कुठल्याही कंपनीच्या माउंटन बाईकला लोक रांपिकिनो म्हणू लागले. आपल्याकडे नाही का, वनस्पती तूप कुणाचंही असो, ते 'डालडा'च! गंमत अशी की हा पक्षी बुंध्यावर फक्त वर चढतो. खाली यायचं असलं की सरळ उडतो. आजच्या पोरांना त्यातला हा दुसरा भागच जास्त आवडलेला दिसतो.

पण या सायकली धावतात त्या वाटा मात्र सायकलीहून कितीतरी म्हाताऱ्या. इटालियनमध्ये 'मुलात्तिएरा' असा खास शब्द आहे. मुलात्तिएरा म्हणजे खेचरांची वाट. लादलेलं खेचर नीट जाईल एवढीच रुंदी, खाली दगडांची फरसबंदी. शेकडो वर्षं खेचरांच्या टापांनी गुळगुळीत झालेले ते दगड पावसात भिजले, की भलाभला सायकलस्वार मुकाट्याने खाली उतरतो आणि सायकल हाताने धरून चालतो.

लिग्युरियातल्या फिनाले लिगुरेची गोष्ट याहून जुनी. या समुद्रकाठच्या गावामागे पोंची नावाची अरुंद दरी आहे. तिच्यातून रोमन सम्राट ऑगस्टसने इसवी सनापूर्वी १३ मध्ये बांधायला घेतलेला रस्ता जातो आणि त्यावरचे रोमन पूल अजून दिसतात. त्यातल्या सर्वांत सुस्थितीतल्या पुलाचं नाव 'पऱ्यांचा पूल'. वर डोंगरमाथ्यावर नाटोचा बंद पडलेला तळ आहे. काही प्रसिद्ध उतार तिथूनच सुटतात आणि थेट भूमध्य समुद्राच्या दिशेने झेपावतात. सकाळी शीतयुद्धाच्या भिंतीपाशी हेल्मेट चढवायचं, दुपारी समुद्रात पाय बुडवायचे. २०१३ मध्ये एन्ड्युरो वर्ल्ड सिरीज ही माउंटन बाईकची शर्यतमालिका सुरू झाली, तेव्हा पहिल्या मोसमाची शेवटची शर्यत इथेच झाली होती.

गार्डा सरोवराच्या उत्तर टोकाला पोनाले नावाचा रस्ता आहे. लेद्रो खोऱ्याला बाहेरच्या जगाशी जोडण्यासाठी जाकोमो चिस या व्यापाऱ्याने पुढाकार घेतला आणि सरोवरावर लटकणाऱ्या कड्यात रस्ता कोरून काढला. तो पूर्ण झाला १८५१ साली. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या सैन्याने त्याच कड्यात तोफांसाठी बोगदे खणले. पुढे मोटारींसाठी नवा बोगदा झाला, जुना रस्ता बंद पडला आणि २००४ पासून तो चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना मिळाला. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला निळंशार पाणी. फोटो काढायचाच असेल तर आधी थांबा, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

पासुबिओ डोंगरावरची बावन्न बोगद्यांची वाट मात्र सायकलवाल्यांना बंद. १९१७ मध्ये, युद्ध चालू असताना, इटलीच्या सैनिकांनी ती काही महिन्यांत खणली. साडेसहा किलोमीटर वाटेतले दोन किलोमीटरहून जास्त अंतर खडकाच्या पोटातून जातं. विसावा बोगदा तर एका सुळक्याच्या आत गोल गोल फिरत वर चढतो. बाजूला खोल दरी असल्यामुळे सायकलला सक्त मनाई आहे, आणि ती योग्यच आहे.

सैनिकांचा विषय निघालाच आहे तर बियांकी कंपनीची १९१२ ची लष्करी सायकल आठवायलाच हवी. टोपीला पिसं लावणाऱ्या बेर्साल्येरी पलटणीसाठी ती बनवली होती. घडी घालून पाठीवर बांधता यायची, टायर भरीव रबराचे म्हणजे पंक्चरची भानगड नाही, आणि धक्के सोसायला स्प्रिंगा. आज लाखभर रुपये मोजून जे सस्पेन्शन घेतलं जातं, त्याचे हे आजोबा!

जुन्या शोधांमधली आणखी एक गोष्ट म्हणजे सायकलपटू कांपान्योलोचे गोठलेले हात. व्हेनेतोमध्ये क्रोचे दाउने नावाची खिंड आहे. कथा अशी सांगतात की नोव्हेंबर १९२७ मध्ये बर्फ पडत असताना तुल्लिओ कांपान्योलो तिथे शर्यतीत होता. तेव्हा गिअर बदलायचा म्हणजे मागचं चाक काढून उलटं बसवायचं. बोटं इतकी बधिर झाली होती की चाकाचा नट काही फिरेना. त्यातून त्याने एका खटक्यात चाक सुटेल अशी दांडी शोधली, जिला आपण क्विक रिलीज म्हणतो. पेटंट १९३० चं. कथेच्या खरेपणावर इतिहासकार भांडतात, पण खिंडीतलं स्मारक निवांत उभं आहे.

आता थोडा वेग. नोचे नदीच्या व्हाल दि सोले खोऱ्यात 'काळा साप' नावाचा डाउनहिल ट्रॅक आहे. झाडांची उघडी मुळं, सुटे दगड आणि अंगावर येणारा उतार. २००८ च्या जागतिक स्पर्धेत इथे ब्रिटनच्या जी आणि रेचल अथर्टन या भावंडांनी डाउनहिलची दोन्ही सुवर्णपदकं घरी नेली. २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा ग्रेग मिनार इथेच विश्वविजेता झाला, वयाच्या ३९ व्या वर्षी. एकोणचाळिशीत आपल्यातले बरेच जण जिना उतरतानाही कठडा धरतात.

तस्कनीतल्या सेर्किओ नदीच्या खोऱ्यात, बार्गाजवळ, १९९१ ची जागतिक स्पर्धा झाली होती. ती फक्त दुसरी अधिकृत स्पर्धा. याच नदीवर खाली 'सैतानाचा पूल' आहे. पूल वेळेत होईना म्हणून गवंड्याने सैतानाशी सौदा केला, म्हणे. सैतानाने मजुरी मागितली पूल ओलांडणाऱ्या पहिल्या जिवाची. गवंड्याने पुलावर सोडलं कुत्रं! पुढे रेल्वे आली, तेव्हा तिला जागा द्यायला पुलाला आणखी एक कमान केली. त्यावर सैतान काय म्हणाला, कथा सांगत नाही.

पण मला विचाराल तर सगळ्यांवर कडी करते उंब्रियातली स्पोलेतो ते नोर्चा ही वाट. इथे १९२६ ते १९६८ अरुंद रुळांवरून विजेची आगगाडी धावत होती. ५१ किलोमीटरच्या मार्गावर १९ बोगदे आणि २४ पूल. डोंगर चढायला रूळ स्वतःभोवतीच वेढे घेत, म्हणून लोक तिला उंब्रियाचं गोटहार्ड म्हणायचे. रूळ उखडले आणि उरलेल्या मार्गाच्या बऱ्याच भागावरून आता सायकली जातात. आगगाडीला तीव्र चढ चालत नाही, त्यामुळे पोटऱ्यांवर दया होते. मोठा बोगदा जवळजवळ दोन किलोमीटरचा. भर उन्हाळ्यात घामाने निथळत आत शिरलं, की दहा पावलांत अंगावर काटा येतो. दिव्याच्या उजेडात पायापुरती खडी दिसते, छतावरून मानेवर थेंब पडतो, आणि समोरून एक पिवळा ठिपका येताना दिसला की मन क्षणभर गाडीच समजतं. दिवा आणि हेल्मेट सक्तीचे आहेत. वाट उतरते नेरा नदीच्या खोऱ्यात आणि दुसऱ्या टोकाला नोर्चा. इथले लोक डुकराच्या मांसाचे पदार्थ करण्यात इतके पटाईत, की इटालियनमध्ये त्या खाटकालाच 'नोर्चिनो' म्हणतात. शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. जवळच्या कास्तेल्लुच्चोची मसूर तितकीच नावाजलेली आहे.

नेराच्या काठाने खाली तेर्नीकडे आलं की मार्मोरेचा धबधबा लागतो. १६५ मीटर उंच, आणि माणसाने केलेला! इसवी सनापूर्वी २७१ मध्ये रोमनांनी वेलिनो नदीचं साचलेलं पाणी कड्यावरून खाली सोडलं. आज त्या पाण्यावर वीज तयार होते, म्हणून धबधबा वेळापत्रकाने चालतो. आधी भोंगा वाजतो, मग पाणी येतं.

नेरा पुढे तिबेर नदीला मिळते. नेराने पाणी पाजलं नसतं तर तिबेर ही तिबेर झालीच नसती, अशी तिकडची म्हण आहे. त्याच तिबेरच्या वरच्या खोऱ्यात टेकडीवर मोंतोने नावाचं गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी, याच परिसरात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे शत्रूच्या मशीनगनवर एकटे चालून गेले. बॉम्ब टाकून त्यांनी गन बंद पाडली. टॉमीगनचं मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा तिच्या दस्त्याने लढले, आणि तिथेच पडले. वय २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा पुतळा रायगडमध्ये माणगावात आहे. मोंतोनेत २०२३ मध्ये त्यांच्या नावाने स्मारक झालं. ते पुतळ्याचं नाही, सूर्यघड्याळाचं आहे.