पिंप नुसते रिकामे करू नका, आतून घासा

वस्तीत नळाला दिवसभर पाणी नसते. त्यामुळे पिंप, हंडे, टाक्या भरून ठेवाव्याच लागतात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

पिंप रिकामे करून लगेच भरले, तर भागत नाही. या डासाची मादी पाण्याच्या वर, पिंपाच्या आतल्या बाजूला अंडी चिकटवते. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागले की त्यांतून अळ्या निघतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात.

म्हणून आठवड्यातला एक वार ठरवा. उरलेले पाणी गाळून कपडे धुवायला घ्या. पिंप काथ्याने किंवा ब्रशने काठापर्यंत घासा, धुवा, उन्हात वाळवा आणि मगच भरा. मोठी टाकी रिकामी होत नसेल, तर तोंडाला जुन्या सुती साडीचा दुहेरी कपडा दोरीने घट्ट बांधा. कुलर, फ्रिजमागचा ट्रे, छपरावरचे टायर विसरू नका. हे काम एकट्या बाईवर टाकू नका. घरातल्या सगळ्यांनी हात लावावा.

एडिस दिवसा चावतो. दुपारी झोपलेल्या बाळालाही मच्छरदाणी लावा. ताप आल्यास अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका; दवाखान्यात रक्त तपासून घ्या. ताप उतरताना पोटात जोरात दुखले, उलट्या थांबल्या नाहीत किंवा हिरड्यांतून रक्त आले, तर ताबडतोब रुग्णालय गाठा.