चित्रीकरणस्थळावरील वैद्यकीय साहाय्य आणि संकेतांचा प्रश्न

डोंगरमाथ्यावर, समुद्रात, वाळवंटात किंवा बर्फाळ प्रदेशात चित्रीकरणासाठी जाणाऱ्या पथकाबरोबर डॉक्टर, रुग्णवाहिका, प्राणवायूची नळकांडी आणि सुरक्षेची जबाबदारी असलेला माणूस असावा, याविषयी आज तत्त्वतः मतभेद उरलेला नाही. मतभेद होतो तो खर्चाविषयी, आणि तो या लेखाचा विषय नव्हे. भाषाशास्त्राचा या प्रश्नाशी संबंध काय, अशी शंका वाचकास येणे स्वाभाविक आहे. संबंध असा की, रुग्णवाहिका दाराशी उभी असली तरी ती हलण्यापूर्वी कोणीतरी काहीतरी म्हणावे लागते, आणि जे म्हटले गेले ते खरे आहे असे ऐकणाऱ्यास वाटावे लागते. कारखान्यात अथवा खाणीत ही दुसरी अट सहसा आपोआप पुरी होते. तेथे 'मेलो, मेलो' असे कोणी ओरडला, तर तो तसे भासवीत असेल असा विचार कोणाच्या मनात येत नाही. रंगभूमी आणि चित्रीकरणस्थळ या दोनच जागा अशा आहेत की, जेथे वेदना हुबेहूब वठविण्याबद्दल माणसाला वेतन मिळते.

ग्रेगरी बेटसन यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात माकडांच्या लुटुपुटूच्या मारामारीचा विचार केला आहे. माकडे एकमेकांस चावल्यासारखे करतात, पण चावत नाहीत. म्हणजे 'हा खेळ आहे' असा संदेश त्या चावण्याबरोबरच दिलाघेतला जात असला पाहिजे. तो इतर संदेशांविषयीचा संदेश होय. चित्रीकरणात हे काम 'ॲक्शन' आणि 'कट' हे दोन शब्द करतात. अडचण आहे ती या दोन शब्दांच्या मधल्या अवकाशात. तेथे उच्चारलेल्या प्रत्येक शब्दावर 'हा खेळ आहे' असा शिक्का आधीच बसलेला असतो. 'लांडगा आला रे आला' म्हणणाऱ्या मुलावर अखेरीस कोणी विश्वास ठेवला नाही. पण त्याने निदान आधी खोटे बोलून तो विश्वास गमावला होता. नट खोटे बोललेला नसतो. तो आपले काम चोख करीत असतो, आणि जितके चोख करील तितका त्याला धोका अधिक.

१५ एप्रिल १९८४ रोजी लंडनच्या एका नाट्यगृहातून थेट प्रक्षेपित होत असलेल्या कार्यक्रमात टॉमी कूपर हे विनोदी जादूगार हृदयविकाराने रंगमंचावर कोसळले, तेव्हा तोही त्यांच्या खेळाचाच भाग समजून प्रेक्षक हसत राहिले. आपल्याकडील उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. १९८२ च्या जुलैत बेंगळूर येथे 'कुली'तील हाणामारीचा प्रसंग चित्रित होत असताना अमिताभ बच्चन यांच्या पोटाला मार लागला. रक्त दिसत नव्हते, आणि आतल्या इजेचे गांभीर्य प्रथम लक्षात आले नाही. पुढची शस्त्रक्रिया व मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयातील दिवस यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. माझ्या दृष्टीने अधिक बोलकी गोष्ट वेगळी आहे. १९८३ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा त्या क्षणाचे दृश्य पडद्यावर गोठवून, इजा येथेच झाली, असा मजकूर त्यावर घालण्यात आला. म्हणजे चित्र स्वतःहून ते सांगू शकत नव्हते! खरा आघात आणि अभिनीत आघात यांचे दृश्यरूप एकच असल्यामुळे 'हा खेळ नव्हे' हा संदेश बाहेरून, अक्षरांत लिहावा लागला. प्रेक्षकांसाठी जी सोय नंतर करता आली, ती प्रत्यक्ष प्रसंगी उपस्थितांसाठी कशी करावी, हा सुरक्षेचा प्रश्न आहे.

जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिलेली व त्यांच्या मृत्यूनंतर, १९६२ मध्ये, ग्रंथरूपाने आलेली व्याख्याने आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहेत. वचन देणे, पैज लावणे, नाव ठेवणे ही कृत्ये उच्चारानेच घडतात, हा त्यांचा सिद्धान्त. रंगमंचावरून उच्चारलेल्या अशा वाक्यांना मात्र त्यांनी आपल्या विचाराच्या कक्षेबाहेर ठेवले, कारण तेथे वाक्य पोकळ होते. चित्रीकरणस्थळी हे बाहेर ठेवणे परवडत नाही. तेथे पोकळ आणि भरीव वाक्ये एकाच मिनिटात, कित्येकदा एकाच तोंडातून बाहेर पडतात. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात 'रस्ट' या चित्रपटाच्या तालमीत पिस्तुलातून खरी गोळी सुटून छायालेखिका हॅलिना हचिन्स मृत्यू पावल्या. पिस्तूल नटाच्या हाती जाताना 'कोल्ड गन' अशी घोषणा झाली होती, असे तपासातील शपथपत्रात नमूद आहे. ही घोषणा म्हणजे संवाद नव्हे. ती उच्चारणारा आपण स्वतः तपासून पाहिले आहे अशी हमी देत असतो. पण रोज वीस वेळा उच्चारून हमीचे वाक्य झिजते आणि त्याचा निव्वळ उपचार होतो. म्हणूनच शस्त्र उघडून प्रत्यक्ष दाखविण्याची पद्धत घातलेली आहे. शब्दाची झीज भरून काढण्यासाठी डोळ्यांची साक्ष जोडावयाची, असा तिचा अर्थ आहे.

जेथे बोलताच येत नाही तेथे खुणा वापराव्या लागतात, आणि खुणांनाही बोली असतात. तळहात आडवा करून गळ्यावरून फिरविणे ही खूण घ्या. चित्रपटवाल्यांच्या लेखी तिचा अर्थ 'कट'. पाणबुड्यांच्या संकेतपद्धतीत तिचा अर्थ 'माझी हवा संपली'. विमानतळावर वैमानिकास ती केली तर 'इंजिन बंद कर'. पाण्याखालच्या चित्रीकरणात या तिन्ही बोलींची माणसे एकत्र येणे मुळीच अशक्य नाही. वर हेलिकॉप्टर, काठावर कॅमेरा आणि खाली पाणबुडे. वर केलेला आंगठा आपल्याला 'उत्तम' असे सांगतो. पाणबुड्याला तो 'वर चल' अशी आज्ञा देतो, आणि 'उत्तम' म्हणावयाचे तर त्याला आंगठा व तर्जनी यांचे वर्तुळ करावे लागते. अंगाला आग लावून घेणाऱ्या साहसी कलावंताला ज्वाळा आत ओढल्या जाण्याच्या भीतीने श्वासही घेता येत नाही, मग ओरडणे दूरच. त्याची ठरलेली खूण बहुधा जमिनीवर पालथे पडणे हीच असते. ही खूण चांगली आहे, कारण ज्याला काही करण्याची शक्ती उरली नाही त्याच्याकडूनही ती आपोआप घडते.

येथे एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. ७ नोव्हेंबर २०१६ रोजी बेंगळूरजवळच्या थिप्पगोंडनहळ्ळी जलाशयात 'मास्ती गुडी' या कन्नड चित्रपटासाठी हेलिकॉप्टरमधून उडी घेतलेले दोन कलावंत बुडाले. त्यांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. तेथे उणीव होती ती साधनांची, आणि तिच्यापुढे संकेतशास्त्राचा काही उपयोग नाही.

परंतु साधने असूनही माणसे दगावतात अशी एक जागा आहे, ती म्हणजे उंच प्रदेश. चेतन आनंद यांच्या 'हकीकत'पासून (१९६४) 'थ्री इडियट्स'पर्यंत (२००९) मुंबईचे चित्रपट लडाखात जात आले आहेत. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे, पँगाँग सरोवर सुमारे ४,२५० मीटरवर. लेहला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश असतो. विमानाने काही तासांत तेथे उतरलेल्या पथकाने पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी असा वैद्यकीय संकेत आहे. निर्मात्याच्या वेळापत्रकात ते दोन दिवस वाया गेल्यासारखे दिसतात.

उंचीच्या सौम्य आजाराचे निदान रक्ताच्या तपासणीने होत नाही. कॅनडातील लेक लुईस येथे १९९१ मध्ये ठरलेल्या आणि २०१८ मध्ये सुधारलेल्या गुणांकनात आज चार गोष्टी विचारतात: डोकेदुखी, मळमळ-उलटी, थकवा आणि चक्कर. प्रत्येकीस शून्य ते तीन गुण. डोकेदुखी असली पाहिजे आणि बेरीज किमान तीन झाली पाहिजे. म्हणजे हे निदान सर्वस्वी रुग्णाच्या बोलण्यावर उभे आहे, आणि रुग्ण कोणत्या शब्दांत बोलतो यावर पुष्कळ अवलंबून राहते. मराठीत गरगरणे, घेरी येणे, भोवळ येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे आणि झोकांड्या जाणे हे पाच वेगळे अनुभव आहेत. पथकाच्या मिश्र हिंदीत या साऱ्यांची मिळून एकच 'चक्कर' होते. वस्तुतः झोकांड्या जाणे ही बाब इतर चारांहून फार गंभीर आहे, कारण मेंदूला सूज येत असल्याचे ते लक्षण असू शकते. तेथे विश्रांती पुरत नाही, माणसाला तातडीने खाली उतरवावे लागते. तीच गोष्ट श्वासाची. चढताना दम लागणे तेथे सर्वांनाच होते. बसल्याजागी धाप लागली तर फुप्फुसांत पाणी होत असल्याची शंका घ्यावी. 'साँस फूल रही है' या एका वाक्यात दोन्ही मावतात. डॉक्टरने 'केव्हा?' असे विचारल्यावाचून ती वेगळी होत नाहीत.

प्रश्नाचे रूपही निर्दोष नसते. 'बरं वाटतंय ना?' यातील 'ना' उत्तर सुचवूनच येतो. तो होकार मागतो. 'डोकं दुखतंय का?' यातील 'का' दोन्ही वाटा मोकळ्या ठेवतो. रोजंदारीवर आलेला दिवे उचलणारा कामगार पहिल्या प्रश्नाला 'काही नाही साहेब, ठीक आहे' असेच म्हणणार, कारण आजारी ठरला तर त्याचा रोज बुडण्याची भीती असते. शिवाय मेंदूवर परिणाम झालेल्या माणसास आपली अवस्था कळतेच असे नाही. म्हणून जाणते डॉक्टर उत्तरावर थांबत नाहीत. ते मागच्या पावलाच्या आंगठ्याला पुढच्या पावलाची टाच लावून सरळ रेषेत चालावयास सांगतात, आणि एखादे लांब वाक्य बोलावयास लावतात. वाक्य मध्येच श्वासासाठी तुटले तर अर्थाकडे न पाहताही निदानाची दिशा मिळते. भाषेचा हा उपयोग व्याकरणकारांना सुचला नव्हता.

आता राहिला अधिकाराचा प्रश्न, आणि माझ्या मते सर्वांत अवघड तोच. 'कट' म्हणण्याचा अधिकार परंपरेने दिग्दर्शकाचा. २० फेब्रुवारी २०१४ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात 'मिडनाइट रायडर' या चित्रपटाचे पथक रेल्वेपुलावर उभे होते. रेल्वे कंपनीने परवानगी लेखी नाकारली होती. गाडी आलीच तर पूल सोडावयास साठ सेकंद मिळतील, असे पथकास सांगण्यात आले. गाडी आली; एक तरुण कॅमेरा-सहायिका मृत्यू पावली. नकार लेखी होता, पण तो पुलावर उभ्या असलेल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचला नव्हता. पुढे दिग्दर्शकाला तुरुंगवास झाला. हा प्रसंग आठवला की, थांबविणारा शब्द उच्चारण्याची मुभा पथकातील कनिष्ठतम व्यक्तीलाही असावी आणि त्या उच्चारासाठी तिला जाब विचारला जाऊ नये, या मागणीचे मोल कळते.

तो शब्द कोणता असावा? 'कट' सोयीचा नाही. त्याने कॅमेरा थांबतो, धोका थांबत नाही. उलट तो ऐकताच रंगभूषाकार आणि स्पॉटबॉय पुढे धावतात. ध्वनीच्या दृष्टीनेही तो दुबळा आहे. त्यात एकच ऱ्हस्व स्वर आहे, आणि शेवटचा 'ट्' वाऱ्यात ऐकूच येत नाही. दीर्घ 'आ' असलेला शब्द माळावर अधिक दूर जातो, आणि शिट्टी त्याहूनही. 'थांबा' या कसोटीस उतरतो. परंतु लढाईच्या प्रसंगात 'थांबा', 'वाचवा', 'मेलो' हे तिन्ही संवादांतच येण्याचा संभव असतो. त्यामुळे खुणेचा शब्द एकदाच ठरवून भागत नाही. त्या दिवशी चित्रित व्हावयाचा प्रसंग सकाळी वाचून, त्यात जो शब्द नाही तो निवडावा लागतो, आणि ड्रायव्हरपासून दिग्दर्शकापर्यंत प्रत्येकाकडून तो एकदा मोठ्याने म्हणवून घ्यावा लागतो.