इंद्रजाल, चांदोबा आणि वैनगंगेकाठची ओल

जुन्या कॉमिक्सचा वैरी कोण, असं भंडारा जिल्ह्यात कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळतं: उधई, म्हणजे वाळवी. उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. आपल्या भागात कॉमिक्स आधी ओलीनं आणि उन्हाळ्याच्या तापानं खराब होतात. किडे बहुतेक वेळा मागून येतात. कसर म्हणून आपण ओळखतो तो चंदेरी किडा दमट हवेतच वाढतो. पानांवर पळणाऱ्या पांढुरक्या बारीक उवा कागदावरच्या बुरशीवर जगतात. वाळवीसुद्धा मातीतल्या ओलाव्याशी नातं तोडून फार दूर जात नाही. तरीही घरोघरी उपाय होतात ते फक्त किड्यांवर, आणि ओल तशीच राहते. बहुतेक गैरसमजांचं मूळ इथे आहे.

जुन्या कॉमिक्सच्या पेट्यांत असतं काय, तेही पाहायला हवं. १९६४ ते १९९० या काळात निघालेली इंद्रजाल कॉमिक्स असतात: वेताळ, मँड्रेक आणि आबिद सुरतींनी १९७६ मध्ये आणलेला बहादूर. १९६७ पासूनची, अनंत पैंची अमर चित्र कथा असते. मराठीत १९५२ पासून निघालेला चांदोबा असतो. तो काही कॉमिक्स नव्हे, पण ठेवला जातो त्याच पेटीत. शिवाय तुमसर-मोहाडीकडून मध्य प्रदेश हाकेच्या अंतरावर असल्यानं इथल्या मुलांनी हिंदीही तितक्याच आवडीनं वाचलं. त्यामुळे प्राण यांचे चाचा चौधरी आणि १९८६ मध्ये आलेला नागराजही सापडतात. यातलं बरंचसं स्वस्त कागदावर छापलेलं, दोन पिनांवर शिवलेलं आहे. वाचून झालं की दुसऱ्याला द्यायचं, एवढ्याच आयुष्याच्या बेतानं ते छापलं गेलं. ते साठ वर्षं टिकलं, हेच विशेष आहे. आणखी टिकवायचं असेल तर समजूत नीट करून घ्यायला हवी.

“पेटी बंद आहे, उजेड लागत नाही, म्हणजे कागद पिवळा पडणार नाही.”

उजेडानं कागद पिवळा पडतो, हे खरं. पण स्वस्त कागद अंधारातही पिवळा पडतो. लाकूड दळून केलेल्या लगद्यात लिग्निन उरतं. हवेतल्या ऑक्सिजननं ते बदलतं, रंग धरतं आणि आम्लं तयार करतं. तेच आम्ल पुढे कागदाचे तंतू तोडतं. म्हणून पान मुडपलं की कोपरा हातात येतो. ही क्रिया थांबवता येत नाही, मंद करता येते. उष्णता आणि ओल जितकी कमी, तितकी ती मंद. ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की कागदाचं झिजणं साधारण दुप्पट वेगानं होतं. आता आपल्या घरातला माळा आठवा. टिनाच्या पत्र्याखालचा किंवा उघड्या स्लॅबखालचा सज्जा नवतप्यात हात लावू देत नाही, आणि नको असलेली प्रत्येक वस्तू आपण तिथेच चढवतो. कॉमिक्स तिथून आजच खाली काढा. खाली म्हणजे घराच्या मधल्या खोलीत, आतल्या भिंतीशी.

“लोखंडी कपाटात ठेवलं की काळजी मिटली.”

उंदरापासून मिटली, बाकीची नाही. लोखंड स्वतः ओलावा शोषत नाही, पण आत अडकलेली दमट हवा बाहेरही जाऊ देत नाही. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर पावसाळ्यात त्याची पाठ थंड पडते, आतली वाफ तिच्यावर धरते आणि मागच्या रांगेतल्या अंकांना बुरशी येते. समोरचे अंक कोरडे दिसत असल्यानं हे दिवाळीच्या साफसफाईपर्यंत कळतही नाही. वाळवीचंही तसंच: कपाटाच्या पायाशी, मागच्या सांध्यातून तिची मातीची बारीक नळी वर चढते. कवेलूच्या मातीच्या घरात ती भिंतीतूनच येते, नव्या सिमेंटच्या घरात फरशीच्या फटीतून.

उपाय साधा आहे. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. पायांखाली विटा देऊन ते टाचणीभर नव्हे, खाली झाडू फिरेल इतकं उचला. सर्वांत खालचा कप्पा रिकामा सोडा. महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन कपाटाची पाठ आणि भिंतीचा कोपरा बघा. मातीची नळी दिसली तर ती नुसती खरवडून उपयोग नाही, कारण वारूळ जमिनीत आहे. जमिनीत औषध सोडणाऱ्याला बोलवावं लागतं. माझ्या मते कॉमिक्सवर करायच्या सगळ्या खर्चात हा खर्च सर्वांत आधी यावा.

“आमची कॉमिक्स कूलरच्या खोलीत असतात, थंड राहतात.”

हा गैरसमज खास आपल्या विदर्भाचा आणि फार नुकसानीचा. मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि दुपारची हवा इतकी कोरडी असते की वाळत घातलेलं कापड बघता बघता सुकतं. कूलर ही हवा पाण्यात भिजलेल्या गवताच्या जाळीतून ओढून आत फेकतो. हवा थंड होते ती तिच्यात पाणी मिसळल्यामुळेच. दारं-खिडक्या लावून कूलर चालवला की खोलीतली आर्द्रता रोवणीच्या दिवसांइतकी चढते. कागद दुपारी फुगतो, रात्री कूलर बंद झाला की आकसतो, उद्या पुन्हा फुगतो. कागदाला नुसत्या ओलीपेक्षा ही रोजची ओढाताण जास्त झिजवते: मलपृष्ठ वळतं, पिनेजवळचं भोक मोठं होतं, पीन गंजते आणि गंजाचा तपकिरी डाग मधल्या पानावर उतरतो. एसीची गोष्ट वेगळी, तो हवेतलं पाणी काढतो. कूलर घरात लागणारच, त्याशिवाय उन्हाळा निघत नाही. पण कॉमिक्स त्या खोलीत नकोत. कूलर नसलेली, थोडी जास्त गरम पण कोरडी खोली बरी.

बाजारात आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल मीटर काही शे रुपयांत मिळतो. तो अंकांच्या शेजारी ठेवा. आकडा ३० ते ५० टक्क्यांत राहिला तर उत्तम, ६० पर्यंत निभावतं, ६५ च्या वर बराच काळ राहिला तर बुरशी ठरलेली. आपल्याकडे वर्षाला १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत, त्यामुळे जुलै-ऑगस्टात आकडा हट्टानं वर राहतो. म्हणूनच पुढचा गैरसमज महत्त्वाचा.

“पावसाळ्यात कपाट उघडं ठेवावं, हवा लागू द्यावी.”

कोणती हवा, हे कुणी विचारत नाही. झड लागलेल्या दिवशी बाहेरची हवा पाण्यानं भरलेली असते. कपाट उघडलं की तीच आत जाते. उघडीप पडेल, चार तास चांगलं ऊन येईल, त्या दुपारी उघडा, पंखा लावा आणि संध्याकाळ व्हायच्या आत बंद करा. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अंक डब्यात भरण्याची वेळ. धान वाळवल्याशिवाय आपण कोठीत भरत नाही, कॉमिक्स मात्र कुठल्याही दिवशी भरतो. कागद स्वतःच पाणी धरून असतो. जुलैत डबा घट्ट लावला तर आपण ओल कोंडतो. मार्च-एप्रिलात, कूलर सुरू व्हायच्या आधी, कोरड्या दुपारी भरून झाकण घट्ट लावलं, तर त्याच कागदाचा कोरडेपणा डब्यातली हवा पावसाळ्यात बराच काळ सांभाळून धरतो. डबा गच्च भरलेला असेल तर आणखी चांगलं.

“चुरगळलेले, वास येणारे अंक उन्हात टाका.”

वर्षाच्या पापड-कुरड्यांसोबत पुस्तकंही गच्चीवर मांडायची रीत आहे. उन्हानं ओल जाते आणि कसरही पळते, यात शंका नाही. पण त्यातले अतिनील किरण वेताळाच्या जांभळ्या रंगाचं आणि मुखपृष्ठाच्या लाल-पिवळ्याचं जे करतात, ते परत येत नाही. रंगाचं नुकसान साचत जातं. दरवर्षीचा एकेक दिवस जोडला जातो. छपरीत, सावलीत, वाऱ्यावर उभे उघडून ठेवा. काम तेच होतं, वेळ थोडा जास्त लागतो.

“डांबरगोळ्या टाकल्या की सगळं सुरक्षित.”

डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलीन, काही वेळा पॅराडायक्लोरोबेन्झिन. तिच्या वाफेनं कसर दूर राहते, तीही घट्ट बंद जागेत. वाळवी थांबत नाही, बुरशी थांबत नाही आणि ओल तर मुळीच कमी होत नाही. उलट ही वाफ माणसाला बाधते. शरीरात जी-६-पी-डी नावाचं द्रव्य जन्मतः कमी असलेल्यांच्या लाल रक्तपेशी नॅफ्थलीननं फुटू शकतात. तान्ह्या बाळांना यातून गंभीर कावीळ झाल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. झोपायच्या खोलीतल्या पेटीत या गोळ्या नकोतच.

कडुलिंबाचा पाला आपल्याकडे धान्यात घालतात, म्हणून तो पुस्तकांतही येतो. ओला पाला पानांत ठेवला तर तो स्वतःची ओल आणि डाग कागदाला देतो. पूर्ण वाळलेला, कापडाच्या पुरचुंडीत, कपाटाच्या कोपऱ्यात ठेवला तर हरकत नाही, वेखंडाचंही तसंच. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात वेखंड, लवंग, मिरी, दालचिनी अशा मिश्रणाच्या पुरचुंड्या हस्तलिखितांजवळ ठेवायची जुनी पद्धत आहे. पण तिथे रोजची देखरेखही आहे. नुसत्या पुरचुंडीवर भरवसा ठेवून पेटी पाच वर्षं न उघडणं चूक.

आता ज्याबद्दल मला मनापासून काळजी वाटते ते सांगतो. धानाच्या जिल्ह्यात धान्यात टाकायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या अनेकांच्या ओळखीच्या आहेत. “धान्याला चालतं तर पुस्तकांना का नाही” म्हणून ती गोळी घरातल्या पेटीत टाकण्याचा विचारही करू नका. हवेतल्या ओलाव्यानं तिच्यातून फॉस्फीन वायू निघतो. बंद खोलीत तो झोपलेल्या माणसांचा जीव घेतो आणि त्यावर नेमका उतारा नाही. जगातल्या कुठल्याही कॉमिक्सची किंमत तेवढी नाही.

किडा लागलेल्या अंकांना बिनविषारी उपाय आहे. पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात नव्हे, उणे १८-२० अंशांपर्यंत जाणाऱ्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर हवेतलं पाणी धरतं.

“डब्यात मूठभर तांदूळ टाका, ओल शोषतो.”

ज्या जिल्ह्यात धान पिकतं तिथे हे वाटणं स्वाभाविक आहे. पण साठवणीच्या तांदळात स्वतःचाच १२ ते १४ टक्के ओलावा असतो. तेवढा ओलावा साधारण ६० ते ७० टक्के आर्द्रतेच्या हवेशी बरोबरीत बसतो. म्हणजे डब्यातली हवा त्याखाली आणण्याची ताकद तांदळात नाही; वर सोंडे होतात ते वेगळंच. सिलिका जेल खरोखर काम करतं, पण घट्ट डब्यातच. शिवाय भरलं की ते गरम करून पुन्हा कोरडं करावं लागतं. चपलांच्या खोक्यातली जुनी पुडी केव्हाच भरून गेलेली असते.

प्लास्टिकबद्दल थोडक्यात. साड्यांची जाड, वास येणारी पारदर्शक कव्हरं बहुधा पीव्हीसीची असतात. त्यांतून कागदाला आणि शाईला बाधणारी द्रव्यं निघतात. नव्या शर्टाला असते तशी, हातात करकरणारी पातळ पिशवी पॉलिप्रॉपिलीनची असते. ती पॅकिंगचं सामान विकणाऱ्यांकडे शेकड्यानं मिळते आणि कॉमिक्सला चालते. फाटलेल्या पानावर चिकटपट्टी नको. काही वर्षांत पट्टी गळून पडते आणि तिचा पिवळा डिंक कायमचा राहतो. लॅमिनेशन तर मुळीच नको. ते पुन्हा काढता येत नाही, आणि आम्ल आतच कोंडून राहतं.

बाइंडिंगबद्दल माझं मत संग्राहकांहून थोडं वेगळं आहे. वर्षाचे बारा चांदोबा एकत्र बांधताना बाइंडर कडा कापतो, खळ लावतो, खळीत मोरचूद घालतो. संग्राहकाच्या लेखी अंकाची किंमत तिथेच संपते. म्हणून नवी बांधणी करू नका. पण आजोबांनी बांधून घेतलेले खंड उसवूही नका. सुटे अंक शेजारीपाजारी जाऊन हरवले, बांधलेले घरात राहिले, हे अनेक घरांत दिसतं. उसवण्यात उरलेला कागदही फाटतो.

“पुरात भिजलं म्हणजे रद्दी.”

ऑगस्ट २०२० च्या शेवटी मध्य प्रदेशातून संजय सरोवराचं पाणी सुटलं, वैनगंगा फुगली आणि भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरलं. अशा वेळी माणसं आणि धान आधी, हे उघड आहे. पण भिजलेले अंक लगेच फेकायची गरज नसते. ओल्या कागदावर एक-दोन दिवसांत बुरशी धरते. तेवढ्यात सगळे वाळवणं शक्य नसेल तर पिशव्यांत घालून गोठवायचे. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, आणि मग सवडीनं थोडेथोडे काढून सावलीत, पंख्याखाली वाळवता येतात. चिकटलेली पानं ओली असताना ओढायची नाहीत. चिखल कोरडा झाल्यावर मऊ ब्रशनं, घराबाहेर, तोंडाला मास्क लावून झाडायचा. गुळगुळीत कागदाचे नवे अंक मात्र हाताळायचेच असतील तर ओले असतानाच पानांच्या मध्ये मेणकागद घालत जा. एकदा वाळून जोडले की सुटत नाहीत.

नदीकाठच्या घरात तळमजल्यावर संग्रह असेल तर मृगाच्या आधी तो वरच्या मजल्यावर न्यावा. पेटीवर अंकांची यादी चिकटवावी आणि तिचा फोटो दुसऱ्या गावातल्या कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असू द्यावा.