चार बाइटांची चिठ्ठी

शाळेच्या कचेरीतला आणि प्रयोगशाळेतला संगणक एकाच स्विचला जोडूनही त्यांची जाळी वेगळी ठेवता येतात. यालाच व्हीलॅन म्हणतात. १९९८ च्या ८०२.१क्यू मानकानुसार प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे जाळ्यातून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यात, पाठवणाऱ्याच्या पत्त्यानंतर चार बाइटांचा टॅग घालता येतो. त्यातले १२ बिट व्हीलॅनचा क्रमांक सांगतात. एकूण ४०९६ क्रमांक. पहिला आणि शेवटचा राखीव, म्हणून वापराला ४०९४.

संगणकाला मात्र या टॅगची गरजच नसते. त्याची तार ॲक्सेस पोर्टमध्ये जाते. फ्रेम आत येताच ती कोणत्या व्हीलॅनची हे स्विच ठरवतो आणि बाहेर सोडताना टॅग काढतो. दोन स्विचना जोडणारा पोर्ट ट्रंक. तिथे टॅग राहतो, म्हणून एकाच तारेतून अनेक जाळी वाहतात.

खरी गफलत होते ती नेटिव्ह व्हीलॅनमध्ये. ट्रंकवर बिनटॅगची आलेली फ्रेम त्यात जमा होते. समजा कचेरीचा व्हीलॅन १ आणि प्रयोगशाळेचा १० आहे. एका टोकाला नेटिव्ह क्रमांक १ आणि दुसऱ्या टोकाला १० असेल, तर कचेरीची फ्रेम गुपचूप प्रयोगशाळेत पोहोचू शकते. म्हणून दोन्ही टोकांना तोच, शक्यतो दुसरीकडे कुठेही न वापरलेला क्रमांक द्यावा आणि ट्रंकवर हवे तेवढेच व्हीलॅन सोडावेत.