विश्लेषण : ग्रीक बेटावरच्या लेखन कार्यशाळेत काय शिकवतात? वाशिमशी त्याचे नाते काय?

लेखन शिकवून येते का, हा वाद जुनाच. तरीही एजियन समुद्रातील थासॉस, स्कायरॉस अशा ग्रीक बेटांवर लिहू पाहणारी माणसे कार्यशाळेसाठी दुरून येतात. रिसोड किंवा कारंजातल्या नवलेखकाला हे सारे आवाक्याबाहेरचे वाटेल. पण लेखकाने दिवस कसा घालवावा, याचा आराखडा सुमारे ११०० वर्षांपूर्वी एका संस्कृत ग्रंथात मांडला गेला आणि त्याच ग्रंथात वाशिमला मानाचे स्थान आहे.

बेटावर नेमके काय होते?

अशा कार्यशाळेत कविता, कथा आणि ललित गद्य लिहिणारे एकत्र बसतात. गट लहान असतो. प्रत्येकाचा मजकूर इतरांनी आधी वाचलेला असतो. मग अनुभवी लेखकाच्या देखरेखीखाली चर्चा होते : कुठे रेंगाळले, कुठे पटले नाही, काय गाळता येईल. उरलेला वेळ लिहिण्यासाठी आणि फिरण्यासाठी. प्रकार वेगळे असल्याचा फायदा होतो. कथाकार कवीकडून शब्दांची काटकसर शिकतो; कवी कथाकाराकडून प्रसंग उभा करायला शिकतो. समुद्र सुंदर असतो, पण खरी कमाई राखून ठेवलेला वेळ आणि स्पष्ट बोलणारे वाचक हीच.

वाशिमचा संबंध कुठे येतो?

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा संस्थापक सर्वसेन स्वतः कवी होता. त्याचे ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य आज उपलब्ध नाही. नंतरच्या ग्रंथकारांनी दिलेल्या उताऱ्यांतून ते माहीत आहे. दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ लिहिली. त्यातल्या कथेत सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष देशोदेशी फिरतो आणि साहित्यविद्यावधूशी त्याचा विवाह होतो तो विदर्भातील वत्सगुल्म नगरात.

राजशेखराचे वेळापत्रक काय होते?

हाच ग्रंथ कवीचा दिवस प्रहरांत वाटून देतो. एक प्रहर साधारण तीन तासांचा.

• पहिला प्रहर : अभ्यास आणि वाचन.
• दुसरा : नवे लेखन.
• तिसरा : जेवणानंतर काव्यगोष्ठी, म्हणजे जाणकारांशी चर्चा.
• चौथा : सकाळच्या मजकुराची तपासणी. लिहिण्याच्या भरात दोष दिसत नाहीत, म्हणून जास्तीचे काढायचे, कमी असेल ते भरायचे.
• रात्रीचा पहिला प्रहर : तपासलेले उतरवून काढणे. त्यानंतर झोप.

सल्ले तर अगदी आजचे वाटतात. अर्धवट रचना वाचून दाखवू नये. नवे लेखन एकट्याच माणसापुढे वाचू नये. त्याने ते आपले म्हटले तर साक्षीदार कोण? पूर्ण झालेल्या ग्रंथाच्या अनेक प्रती कराव्यात, कारण आग, पाणी अशा कारणांनी तो नष्ट होतो. पुरुषांप्रमाणे स्त्रियाही कवी होऊ शकतात, असे तो ठामपणे सांगतो आणि पत्नी अवंतिसुंदरीची मते नावानिशी नोंदवतो.

परदेशी जायचेच असेल तर?

दोन वाटा वेगळ्या आहेत. बेटावरच्या बहुतेक कार्यशाळा शुल्क घेतात. प्रवास, निवास आणि शेंगेन व्हिसाचा खर्च वेगळा. व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो आहे. चर्चा सहसा इंग्रजीत होते, म्हणजे मराठी मजकुराचा चांगला अनुवाद हाती हवा. दुसरी वाट निवडीची. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचा आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम १९६७ मध्ये सुरू झाला. तिथे लेखकांना निवडून बोलावले जाते. कवी दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ या काळात तिथे होते. पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : गटात किती जण, मार्गदर्शक कोण आणि आपला मजकूर प्रत्यक्ष किती वेळ वाचला जाणार?

जाता आले नाही तर?

वाशिमचेच नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’ कादंबरीला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये ते पद्मश्रीचे मानकरी ठरले. विदर्भ साहित्य संघ १९२३ पासून कार्यरत आहे. राज्याचे साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला प्रकाशन अनुदान देते.

आणि सुरुवातीला तेही लागत नाही. चार-पाच जण, गावातले वाचनालय, आठवड्यातली एक ठरलेली संध्याकाळ. प्रत्येकाने दोन पाने आधी मोबाइलवर पाठवायची, बाकीच्यांनी वाचून यायचे आणि नुसते ‘छान’ म्हणून उठायचे नाही. पुढच्या आठवड्यात तीच दोन पाने दुरुस्त करून आणायची. राजशेखराचा तिसरा आणि चौथा प्रहर एवढ्यावर सुरू होतो.