डबा सारखा, इंजिन वेगळं

फोक्सवॅगन बीटल ही जगात सर्वाधिक खपलेल्या गाड्यांपैकी एक. दोन कोटींहून अधिक बीटल रस्त्यावर आल्या, आणि त्यांतल्या बहुतेकींच्या एअर-कूल्ड इंजिनाला ऑइल फिल्टर नव्हताच. तळाशी तारेची एक गोल जाळी असायची, बस्स. खडे-कचरा ती अडवायची. बारीक गाळ तेलातच फिरत राहायचा. त्यावर कंपनीचा उपाय सरळ होता : दर ५,००० किलोमीटरला सगळं अडीच लिटर तेल काढून टाका, जाळी धुवा, नवं तेल भरा.

पन्नास-साठ वर्षांपूर्वीची गाडी सांभाळणारा माणूस आज सुट्या भागांच्या दुकानात उभा राहतो, तेव्हा त्याच्यासमोर रंगीबेरंगी डब्यांची उतरंड असते. गाडीचं नाव सांगितलं की कॅटलॉग गप्प होतो आणि आजूबाजूचे बोलू लागतात. कोणी म्हणतो महागातला घ्या, कोणी म्हणतो मोठा घ्या, कोणी वजन करून बघायला सांगतो. यातला एकही जण विचारत नाही की या इंजिनात तेल नेमकं कुठून कुठे जातं. फिल्टरची निवड मात्र तिथूनच सुरू होते.

गाडीच्या तेलाला फिल्टर हवा ही कल्पना तशी उशिराचीच. अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहॉल्श यांनी १९२३ च्या सुमारास मोटारीसाठी तेल गाळणारं उपकरण आणलं आणि ‘प्युअर ऑइल लेटर’ या शब्दांवरून त्याला ‘प्युरोलेटर’ हे नाव दिलं. सुरुवातीचे फिल्टर तेलाचा थोडाच भाग गाळत. सगळं तेल गाळून मगच बेअरिंगकडे पाठवण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली, आणि हाताने फिरवून बसवायचा, वापरून फेकायचा बंद डबा १९५० च्या दशकात आला. म्हणजे ‘क्लासिक’ या एकाच नावाखाली चार-पाच निरनिराळ्या पिढ्यांची इंजिनं येतात. गैरसमजांचं मूळ इथेच आहे.

गैरसमज : आटे जुळले, डबा बसला, म्हणजे फिल्टर चालतो.

वस्तुस्थिती : आटेसुद्धा फसवतात. जुन्या इंग्लिश आणि अमेरिकी इंजिनांवर पाऊण इंच व्यासाचे, इंचाला १६ असे आटे सर्रास आढळतात. मेट्रिक फिल्टरमध्ये २० मिलिमीटर व्यास आणि दीड मिलिमीटर अंतर हे माप नेहमीचं. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर आणि इंचाला १६ म्हणजे दोन आट्यांत साधारण १.५९ मिलिमीटर. फरक इतका थोडा, की मेट्रिक डबा इंची खुंटीवर गुमान फिरत जातो, किंचित ढिला लागतो आणि शेवटी बसल्यासारखा वाटतो. पुढे थंड, घट्ट तेलाचा दाब वाढला की तो निसटू शकतो. तसं झालं तर इंजिनातलं तेल रस्त्यावर यायला फार वेळ लागत नाही.

आटे खरोखर जुळले तरी डब्याच्या आत दोन व्हॉल्व्ह असतात, किंवा नसतात. पहिला बायपास व्हॉल्व्ह. फिल्टर तुंबला, किंवा नाशिकच्या डिसेंबरातल्या पहाटे तेल मधासारखं घट्ट झालं, की कागदातून ते पुरेसं जात नाही. अशा वेळी हा व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं तेल थेट पुढे सोडतो. बेअरिंगला कोरडं ठेवण्यापेक्षा मळकं तेल परवडलं, असा हा हिशेब. काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतो, काहींत तो फिल्टरने पुरवायचा असतो. ब्लॉकमध्ये नाही आणि डब्यातही नाही अशी जोडी जमली, तर दाबाने आतला कागद चिरडतो, फाटतो. कागद धड असूनही व्हॉल्व्ह भलत्याच कमी दाबाला उघडत असेल, तर तेल बराच काळ न गाळताच फिरत राहतं. दोन्ही वेळा प्रेशरचा काटा कदाचित काहीच सांगणार नाही.

दुसरा व्हॉल्व्ह म्हणजे तोंडाजवळची रबरी चकती. इंजिन बंद झाल्यावर डब्यातलं तेल मागे ओघळून जाऊ न देणं हे तिचं काम. डबा तोंड वर करून लटकत असेल, तर तेल आपोआप भरलेलं राहतं आणि चकतीला फारसं काम उरत नाही. तोच डबा आडवा किंवा उलटा असेल, तर सगळी मदार तिच्यावर.

ब्रिटनमधल्या ॲबिंग्डनला १९६२ ते १९८० या काळात बनलेली एमजीबी ही दोन-आसनी गाडी याचं उत्तम उदाहरण आहे. तिचं १७९८ सीसीचं इंजिन बीएमसीच्या ‘बी-सिरीज’ घराण्यातलं. आपल्या अँबॅसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिनही त्याच घराण्यातलं. सुरुवातीच्या एमजीबीत खाली लटकणारं लोखंडी भांडं आणि त्यात बदलायचं एलिमेंट होतं. नंतरच्या काही वर्षांच्या गाड्यांत बंद डबा आला, तोही उलटा, तोंड खाली करून. अशा गाडीला साध्या चकतीचा फिल्टर लावला, की रात्रभरात डबा रिकामा होतो. सकाळी स्टार्टर मारल्यावर काटा काही सेकंद शून्यावर बसून राहतो आणि इंजिन खडखडतं. मालक घाबरून बेअरिंग गेली असं समजतो. इंजिन गरम झाल्यावर मात्र चालत्या गाडीत ५० ते ८० पीएसआय आणि आयडलिंगला १० ते २५ पीएसआय हा पुस्तकातला दाब व्यवस्थित मिळतो, कारण दोष बेअरिंगचा नसतोच. अशा ठिकाणी सिलिकॉन रबराची चकती उपयोगी पडते. साध्या नायट्राइल रबरापेक्षा ती उष्णतेत जास्त काळ लवचिक राहते.

भांडं काढून बंद डबा लावता यावा म्हणून जोडतुकडे मिळतात आणि अनेक जण ते बसवतात. सोय चांगली आहे. फक्त मूळ भांड्यात किंवा त्याच्या माथ्यात असलेला बायपास व्हॉल्व्ह या बदलात निघून गेला का, हे आधी पाहावं लागतं. गेला असेल, तर नव्या डब्यात तो हवाच.

गैरसमज : जुन्या बायपास फिल्टरच्या जागी आधुनिक डबा लावला की झालं.

वस्तुस्थिती : नावाचा घोळ इथे होतो. बायपास व्हॉल्व्ह वेगळा आणि बायपास फिल्टर वेगळा. महायुद्धातली विलिज जीप आणि तिच्या पुढच्या पिढ्या, ज्यांच्यावर महिंद्राच्या भारतातल्या जीपा आधारलेल्या होत्या, यांच्या इंजिनाशेजारी दोन नळ्यांनी जोडलेलं एक भांडं दिसतं. मुख्य वाटेवरचं थोडंसं तेल त्यात जातं, सावकाश गाळलं जातं आणि बेअरिंगकडे न जाता परत खाली चेंबरमध्ये पडतं. बाकीचं तेल न गाळताच कामाला लागलेलं असतं.

या रचनेत वाटेवर एक अगदी बारीक भोक ठेवलेलं असतं, तेलाचा दाब या आडवाटेने वाहून जाऊ नये म्हणून. ते भोक मूळ भांड्यातच असेल आणि भांडं काढून तिथे सरळ वाहू देणारा डबा लावला, तर भरपूर तेल बेअरिंगला टाळून चेंबरमध्ये पोचतं आणि आयडलिंगचा दाब घसरतो. डबा उत्तम प्रतीचा असेल, तरी जागा त्याची नव्हे.

गैरसमज : जितका बारीक गाळेल तितका उत्तम.

वस्तुस्थिती : यात अर्धं सत्य आहे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. बेअरिंगमधला तेलाचा थर त्याहून कितीतरी पातळ, मोजक्या मायक्रॉनचा. त्या थरात शिरू शकतील एवढे बारीक आणि धातूला ओरखडे काढतील एवढे मोठे कण सर्वांत घातक. इंजिन मुद्दाम लवकर झिजेल अशा परिस्थितीत जनरल मोटर्समध्ये केलेला एक अभ्यास १९८८ मध्ये एसएई या अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडला गेला. ४० मायक्रॉनच्या फिल्टरच्या तुलनेत ३० मायक्रॉनच्या फिल्टरने झीज निम्म्यावर आली आणि १५ मायक्रॉनच्या फिल्टरने ती ७० टक्क्यांनी घटली.

मग सर्वांत लहान आकडा बघून डबा उचलावा का? नाही, कारण आकडा एकटा अर्धवट असतो. ‘१० मायक्रॉन’ लिहिलेला फिल्टर त्या आकाराचे निम्मेच कण अडवत असेल आणि ‘२० मायक्रॉन’ लिहिलेला ९९ टक्के. म्हणून आकडा बीटा गुणोत्तरासह वाचायचा असतो. फिल्टरमध्ये शिरलेल्या कणांची संख्या भागिले निसटलेल्या कणांची संख्या म्हणजे बीटा. बीटा २ म्हणजे ५० टक्के कण अडले, २० म्हणजे ९५ टक्के, १०० म्हणजे ९९ टक्के. आयएसओ ४५४८-१२ ही चाचणी हेच मोजते. डब्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात मायक्रॉन आणि टक्के दोन्ही दिलेले असतील, तरच तुलनेला अर्थ आहे.

शिवाय बारीक गाळायचं आणि भरपूर वाहूही द्यायचं, तर कागदाच्या घड्या जास्त हव्यात किंवा काचतंतूंसारखं कृत्रिम माध्यम हवं. २०डब्ल्यू-५० सारखं घट्ट तेल वापरणाऱ्या जुन्या इंजिनावर हे विशेष लागू पडतं.

बारीक फिल्टर तेलातली रसायनंच गाळून टाकतो, ही भीती मात्र निराधार आहे. जुन्या टॅपेटना जपणारे जस्ताचे घटक तेलात विरघळलेले असतात. मिठाचं पाणी फडक्यातून गाळल्याने अळणी होत नाही.

गैरसमज : तेल काळं पडलं म्हणजे फिल्टर निकामी.

वस्तुस्थिती : काळेपणा काजळीचा असतो. तिचे बहुतेक कण एका मायक्रॉनहूनही लहान, त्यामुळे चांगल्या फिल्टरमधूनही ते निघून जातात. त्याचप्रमाणे कार्ब्युरेटरच्या गाडीत तेलात उतरणारं पेट्रोल, पावसाळ्यात महिनोन् महिने उभ्या गाडीत साचणारी वाफ आणि त्यातून होणारी आम्लं यांपैकी काहीही कागद अडवत नाही. महागडा फिल्टर लावून तेल बदलणं लांबवणाऱ्यांचा हिशेब इथे चुकतो.

गैरसमज : तीस वर्षं खोक्यात जपलेला मूळ कंपनीचा फिल्टर सर्वांत अस्सल.

वस्तुस्थिती : प्रदर्शनात मांडायला झकास. रबर मात्र खोक्यातही कडक होतं, डिंक ठिसूळ होतो आणि कोकणातल्या दमट हवेत कागद ओल धरतो. अस्सल डबा मांडणीवर ठेवून इंजिनाला ताजा फिल्टर दिलेला बरा.

गैरसमज : पेट्रोलने धुतला की फिल्टर पुन्हा वापरता येतो.

वस्तुस्थिती : कागदी एलिमेंट धुऊन साफ होत नाही, आत रुतलेले कण तसेच राहतात आणि घड्या सैल पडतात. धुण्याजोगे दोनच प्रकार. एक बीटलसारखी तारेची जाळी. दुसरा फिरता फिल्टर : फियाट ५०० आणि ८५० मध्ये क्रँकशाफ्टच्या पुलीतच पोकळी असते आणि गरगर फिरताना जड गाळ तिच्या कडेला जाऊन चिकटतो. याच तत्त्वाचा फिल्टर हिरो होंडा स्प्लेंडरमध्ये असल्यामुळे तो उघडून खरवडणं गावोगावच्या मिस्त्र्यांना ठाऊक आहे.

गैरसमज : पान्याने करकचून आवळला की गळत नाही.

वस्तुस्थिती : रबरी रिंगला तेलाचं बोट लावायचं, डबा हाताने टेकेपर्यंत फिरवायचा आणि मग साधारण पाऊण फेरा. डब्यावर वेगळी सूचना असेल तर ती पाळायची. गळती बहुधा जुनी रिंग चिकटून राहिल्याने आणि तिच्यावरच नवी बसवल्याने होते. भांड्याच्या फिल्टरमध्ये तर ती माथ्यातल्या खाचेत रुतून खाचेचाच भाग वाटते. सुईसारख्या टोकदार वस्तूने ती उकरून काढावी लागते.

फिल्टर योग्य होता का, हे शेवटी तो काढल्यावर कळतं. अनुभवी मिस्त्री जुना डबा कडेने कापून उघडतो. करवतीने नाही, कारण तिचा भुसा आत पडतो. घड्या सरळ आहेत की दबल्या आहेत, कागद टोपणापासून सुटला आहे का, हे आधी बघतो. मग कागदाची पट्टी कापून पिळतो आणि उन्हात धरतो. चमकणाऱ्या कणांवरून लोहचुंबक फिरवला आणि ते उचलले गेले, तर ते पोलादाचे किंवा बिडाचे : कॅम, टॅपेट, पिस्टन रिंग. चुंबकाला दाद न देणारे पांढुरके किंवा तांबूस असतील, तर संशय बेअरिंगवर जातो, आणि गाडी परत रस्त्यावर नेण्याआधी चेंबर उतरवायची वेळ झालेली असते.